खानदेशातली जंगलं आणि दिव्यांग पर्यटक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली उत्तरं देणारे आम्ही सगळे खानदेशातलेच. कुणी व्हीलचेअरवर, कुणी कुबड्यांवर, कुणी पांढरी काठी घेऊन फिरणारा, एकाला जन्मापासून ऐकू येत नाही. कुठल्या सरकारी खात्याशी आमचा संबंध नाही आणि कुणाची जाहिरातही करायची नाही. आम्ही जंगलात जाऊन येतो हे कळल्यावर ओळखीपाळखीतून फोन येतात. त्यात तेच ते प्रश्न असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

व्हीलचेअर घेऊन खानदेशातल्या कुठल्या जंगलात जाता येतं?

गाडी जाते तिथं सगळीकडे जाता येतं. खरा प्रश्न गाडीतून उतरल्यानंतरच्या दोनशे पावलांचा असतो, आणि त्याचं उत्तर जागेगणिक बदलतं.

पहिल्यांदाच निघणार असाल तर डोंगराच्या मागे लागू नका. थंडीत भुसावळजवळच्या हतनूर धरणावर किंवा शिरपूर तालुक्यातल्या अनेर धरणाच्या बाजूला जा. अनेरला १९८६ पासून अभयारण्याचा दर्जा आहे. अशा ठिकाणी तुम्ही एका जागी बसता आणि बघायचं ते समोर येतं: चक्रवाक, थापट्या, तलवार बदक. दुर्बीण असली की काम झालं. चालता येणाऱ्यांनाही तिथं बसूनच पक्षी बघावे लागतात, त्यामुळे आपण मागे राहिलो असं वाटायचं कारणच उरत नाही.

रावेर तालुक्यातलं पाल हे यावल अभयारण्यातलं गाव. अभयारण्य १९६९ चं. पालला जाणाऱ्या रस्त्याची मजा ही की जंगल गाडीच्या खिडकीपर्यंत येतं, उतरलं नाही तरी फेरी वाया जात नाही. तोरणमाळला सातपायरी घाटाची वळणं पोटात कालवतात, पण वर पठार लागतं आणि यशवंत तलावाच्या काठाने बऱ्यापैकी सपाटी मिळते. सीताखाईची दरी काठावरूनच बघायची असते, खाली उतरायचा प्रश्न नाही.

पाटणादेवी सगळ्यात देखणी आणि सगळ्यात अवघड. तिच्याबद्दल वेगळं लिहिलंय.

पाटणादेवीला व्हीलचेअर कुठपर्यंत जाते?

चाळीसगावहून अठरा-एक किलोमीटर, गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या कुशीत. गाडीने मंदिराच्या परिसरापर्यंत पोचता येतं. चंडिकादेवीचं मंदिर उंच चौथऱ्यावर आहे आणि वर जायला पायऱ्या आहेत. केदारकुंडाची वाट दगडधोंड्यांतून ओढ्याकाठाने जाते, तिथं चाकाचं काम नाही. पितळखोऱ्याच्या लेण्यांनाही पायऱ्या उतरूनच जावं लागतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तिथं जाऊन कुणाचा हिरमोड होणार नाही.

मग जायचं कशाला, असं विचाराल. खालच्या मोकळ्या जागेत खुर्ची लावा आणि वर बघा. तिन्ही बाजूंनी डोंगर उभे राहतात, पावसाच्या शेवटाला कड्यांवरून पाण्याच्या रेघा उतरत असतात. सोबत शाळकरी मुलं असतील तर त्यांना सांगायला विषयही आहे. भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणलेला पाटणचा शिलालेख शके ११२८ मधला, म्हणजे इ. स. १२०७ च्या आसपासचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथं मठ काढला आणि त्याला दान मिळालं, याची त्यात नोंद आहे. लीलावतीतलं एखादं गणित घालायला याहून चांगली जागा नाही.

“काळजी करू नका, आम्ही उचलून नेऊ” असं सगळेच म्हणतात. मग अडचण कसली?

अडचण इथंच आहे. आपल्याकडच्या माणसांच्या मनात खोट नाही. पायऱ्यांपाशी व्हीलचेअर थांबली की चार पोरं धावत येतात, “उचली लिसूत ना भाऊ” म्हणतात आणि आपण हो-नाही म्हणायच्या आत जमीन सुटलेली असते. एकाने पाय ठेवायची पट्टी धरलेली असते, ती निघून त्याच्या हातात येते. दुसऱ्याने हात टेकायचा दांडा धरलेला असतो, तोही निघणाराच असतो. तिसरा चाक धरतो आणि चाक फिरतं. वर बसलेल्या माणसाचा तोल जातो तेव्हा सगळे एकदम ओरडतात, “घट्ट धरा, घट्ट धरा!” धरायचं काय, ते कुणालाच ठाऊक नसतं.

एका देवस्थानात आमच्यातल्या एका ताईंना असंच वर नेलं. दर्शन झालं, प्रसाद झाला, आणि वर नेणारी पोरं आपल्या वाटेने निघून गेली. अंधार पडेपर्यंत ताई वरच बसून होत्या. वर नेणारे उत्साहात असतात, खाली आणणारे शोधावे लागतात. आणि परक्या पुरुषांनी काखेत हात घालून उचलणं किती बायकांना चालेल, हे त्यांना कुणी विचारतच नाही.

म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे: उचलून नेणं ही सोय नव्हे. पाच पायऱ्यांना उतार बांधला की चार माणसं लागत नाहीत. तोवर उचलावंच लागलं, तर उचलणाऱ्यांना आधी सांगा. धरायचं ते खुर्चीच्या न निघणाऱ्या लोखंडी सांगाड्यालाच. ब्रेक लावलेले हवेत, बसणाऱ्याचा पट्टा बांधलेला हवा. चढताना खुर्चीची पाठ पायऱ्यांकडे, उतरताना तोंड बाहेरच्या बाजूला. एकानेच “एक, दोन, तीन” म्हणायचं. आणि बसलेला माणूस “थांबा” म्हणाला की थांबायचं.

जाण्याआधी फोन करून काय विचारावं?

“अपंगांसाठी सोय आहे का?” असं विचारू नका. उत्तर हमखास “हो, आहे ना” असंच येतं. आकडा मागा. गाडी थांबते तिथून खोलीच्या दारापर्यंत किती पायऱ्या? खोलीच्या दाराची रुंदी किती इंच? आणि संडासाच्या दाराची? हे शेवटचं विसरायचं नाही, कारण खोलीचं दार रुंद आणि संडासाचं दोन फुटी, हे आपल्याकडचं ठरलेलं गणित. साधी व्हीलचेअर पंचवीस ते सत्तावीस इंच रुंद असते, वर बोटं चेपू नयेत म्हणून थोडी जागा लागते. संडास खाली बसायचा की खुर्चीसारखा? उतार असेल तर सिमेंटचा की दगडांचा?

समोरचा माणूस गोंधळला तर त्याला सरळ सांगा, “दादा, दाराचा फोटो काढून पाठवता का?” लोक आनंदाने पाठवतात. फोटोत उंबरा दिसतो. फोनवर तो कधीच दिसत नाही, कारण रोज ओलांडणाऱ्याच्या तो लक्षातच राहत नाही.

संडासाचं काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी आणि आवाज खाली करून विचारला जातो, खरं तर तो पहिला असायला हवा. सोय नाही म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या बायका आम्ही बघितल्यात. खानदेशच्या उन्हात याचा शेवट मूत्रमार्गाच्या संसर्गात होतो, आणि मणक्याची दुखापत असलेल्याला तो संसर्ग दवाखान्यात नेऊन सोडतो.

आम्ही सोबत काय नेतो ते सांगतो. घडी होणारी कमोड खुर्ची. औषधाच्या मोठ्या दुकानात किंवा रुग्णसाहित्य भाड्याने देणाऱ्याकडे मिळते, डिकीत मावते. चार बाजूंनी उभा राहणारा कपडे बदलायचा छोटा तंबू, नाहीतर दोन झाडांना दोरी आणि दोन जाड चादरी. कचऱ्याच्या काळ्या पिशव्या, हातमोजे, पाण्याचा कॅन. पिशव्या परत घरी आणायच्या, जंगलात पुरायच्या नाहीत. रानडुक्कर आणि अस्वल माती उकरतात.

कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, वापरत असाल तर दिवसाला लागतात त्यापेक्षा दोन जास्त घ्या आणि हात धुवायला साबण न्या. नुसत्या सॅनिटायझरने धुळीचे हात साफ होत नाहीत. वेळ ठरलेली असेल तर गाडी सुटण्याची वेळ तिच्याभोवती आखा. सगळ्यांची सहल आपल्या वेळेवर चालली तर कुणाचं काही बिघडत नाही. आणि सोबतच्यांना निघण्याआधीच सांगून ठेवा. भर जंगलात पहिल्यांदा सांगायची ही गोष्ट नाही.

वनविभागाकडे एकच मागणी करायला मिळाली तर आम्ही उतार मागणार नाही. फाटकापाशी एक नीट संडास मागू: ३६ इंची दार, आत व्हीलचेअर वळेल एवढी पाच फुटांची मोकळी जागा, भिंतीला पकडायचे दांडे, आणि आतून लागणारी कडी. त्या कडीला कुलूप लावून किल्ली कुणाच्या तरी खिशात ठेवायची नाही, एवढं मात्र करा.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑगस्ट-सप्टेंबर दिसायला सुंदर, पण काळी माती चाकाला चिकटली की दहा पावलांत चाक फिरायचं थांबतं. शेवाळलेल्या दगडावर कुबडीचं रबर टिकत नाही. नदी-नाल्यांचाही भरवसा नाही. ३१ ऑगस्ट २०२१ ला डोंगरी आणि तितूर नद्यांच्या पुराने चाळीसगावात काय केलं ते इथल्या सगळ्यांना आठवतंय, त्याच दिवशी कन्नड घाटात दरडी कोसळल्या होत्या. पळ काढायला वेळ लागणाऱ्या माणसाने पावसाळ्यात ओढ्याच्या पात्राजवळ बसूच नये. नवरात्रात पाटणादेवीला यात्रा असते, चाकांनी तेव्हा लांब राहिलेलं बरं.

मुलांना सुट्टी उन्हाळ्यातच असते. एप्रिल-मे मध्ये गेलो तर?

जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात जातो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण मणक्याला वर, मानेजवळ किंवा छातीजवळ इजा झालेल्यांना घाम नीट येत नाही, हे सोबतच्यांना सहसा माहीत नसतं. इजेच्या खालच्या भागाला थंड व्हायचा निरोपच पोचत नाही. असा माणूस सावलीत बसूनही तापतो आणि “मला बरं वाटतंय” म्हणता म्हणता गुंगीत जातो. पाण्याची फवारणी करायची बाटली, मानेवर ओला पंचा, आणि दहाच्या आत परत. डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला तर आधी कॅथेटरची नळी कुठं दुमडली नाही ना ते बघा, कपडे सैल करा, ताठ बसवा आणि दवाखान्याची वाट धरा. कॅथेटर अडकल्याने रक्तदाब अचानक चढू शकतो, तो लू समजून आडवं झोपवणं घातक ठरतं.

व्हीलचेअर उन्हात सोडू नका. चाकाची लोखंडी कडी हात भाजते. संवेदना नसलेली माणसं तापलेल्या सीटवर तशीच बसतात आणि फोड रात्री दिसतात.

कोणती व्हीलचेअर चालते? तीनचाकी चालेल का?

घरातली घडीची खुर्ची मुरमाच्या दाबलेल्या रस्त्यावर चालते, खडीवर नाही. अडतात ती पुढची छोटी चाकं. ढकलणाऱ्याने खुर्ची मागच्या चाकांवर तोलून पुढची उचलून धरली की बरंच काही पार होतं. उतारावर उलटं फिरवून, पाठीमागून उतरायचं. टायर हवेचे असतील तर पंक्चरचं सामान सोबत हवंच, बाभूळ आणि बोरीचे काटे कुणालाच सोडत नाहीत.

हाताने फिरवायची तीनचाकी सायकल खेड्यापाड्यांत सगळीकडे दिसते. सपाट कच्च्या रस्त्यावर ती व्हीलचेअरपेक्षा बरी, कारण तिची चाकं मोठी. चढावर मात्र खांदे जातात. व्हीलचेअरला पुढून जोडायची मोटार, आयआयटी मद्रासमध्ये घडलेल्या निओबोल्टसारखी, डांबरी रस्त्यावर झकास पळते. मऊ मातीत तिचं पुढचं चाक जागेवरच फिरतं.

बाजूला दोन चाकं लावलेल्या स्कूटरवर घाट चढणाऱ्यांना कळकळीने सांगतो: ती गाडी वळणावर झुकत नाही. सातपायरी घाटासारख्या ठिकाणी साध्या स्कूटरच्या वेगाने वळलात तर आतलं चाक उचललं जातं. हळू जा, नाहीतर खाली ठेवून दुसऱ्या गाडीने वर या.

कोणती गाडी ठरवावी?

व्हीलचेअरच्या आणि गाडीच्या सीटची उंची जवळपास सारखी असेल ती. बोलेरो रांगडी दिसते, पण तिच्या सीटवर चढणं म्हणजे पुन्हा उचलाउचली. ईको किंवा एर्टिगा बरी पडते. मधली फट ओलांडायला गुळगुळीत फळी सोबत असली तर बरेच जण स्वतःच सरकून बसतात.

एसटी आणि रेल्वेत सवलत आहे का?

आहे. एसटीच्या साध्या गाडीत दिव्यांग प्रवाशाला ७५ टक्के सवलत, आणि दिव्यांगत्व ६५ टक्के किंवा जास्त असेल तर सोबत्याला ५० टक्के. बसच्या पहिल्या पायरीची उंची हा वेगळा विषय, त्यावर लिहायला बसलो तर दुसरं काही व्हायचं नाही. रेल्वेने चाळीसगाव, जळगाव, भुसावळ ही स्थानकं सोयीची. ऑनलाइन तिकिटावर सवलत हवी तर रेल्वेचं स्वतंत्र दिव्यांग ओळखपत्र आधी काढून ठेवावं लागतं. चौकशीला १३९.

दिसत नसलेल्या माणसाने जंगलात जाऊन करायचं काय?

हा प्रश्न डोळस लोक विचारतात. आमच्यातला जो दिसत नसताना जंगल फिरतो तो हसून म्हणतो, “तुम्हाला तरी काय दिसतं? वाघ दिसला का?”

फेब्रुवारीत सागाची पानं खाली पडलेली असतात. त्यावरून चालताना पुढे कोण किती अंतरावर आहे ते नुसत्या आवाजावरून कळतं. सागाचं पान बोटाला खरखरीत लागतं, कोवळं खाली पडलेलं मिळालं आणि चुरलं तर बोटं लाल होतात. सोबतचा सांगतो तेव्हा ते कळतं, पण वास आपलाआपण कळतो. सालईच्या खोडावरून हात फिरवा, कागदासारखे पातळ पापुद्रे सुटतात, चीक असेल तर धुपाचा वास हाताला दिवसभर राहतो. ऐनाच्या सालीला चौकटी-चौकटीच्या खोल भेगा. काटेसावरीला बोट जपून लावायचं, खोडावर सुळके असतात. अंजनाची पानं जोडीने, बुडाशी चिकटलेली. मार्चच्या शेवटी पहाटे मोहाखाली उभं राहिलं की टप्, टप् असा फुलं पडण्याचा आवाज येतो आणि वासाने डोकं जड होतं. मोह वेचायला आलेल्या पावरा आदिवासी बायका तेव्हा तिथं असतात. त्यांच्याशी बोला, त्यांच्या वाटेत बसू नका.

कानांसाठी तर सातपुडा फार मोठा. पावशा, तांबट, टिटवी, संध्याकाळी रातवा. आणि रानपिंगळा. शंभराहून जास्त वर्षं कुणालाच न दिसलेलं हे छोटं घुबड १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलं. यावल आणि तोरणमाळच्या रानात तो आहे. हे घुबड दिवसाही ओरडतं, त्यामुळे त्याच्यासाठी रात्री थांबायची गरज नाही. त्याचा आवाज मोबाईलवर वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या दिवसांत त्याला त्याचा त्रास होतो.

दोन झाडांपासून जपा. खाजकुइलीच्या शेंगेवरची लव अंगाला लागली की तासभर माणूस नाचतो. भिलाव्याचा म्हणजे बिब्ब्याचा चीक कातडी जाळतो. म्हणून आधी सोबत्याने झाड ओळखायचं, मग हात लावायचा. अभयारण्यातून पान, बी, साल काहीही घरी आणायचं नाही.

सोबत्याने हात धरून ओढू नये. दिसत नसलेल्या माणसाने सोबत्याचं कोपर धरायचं आणि अर्धं पाऊल मागे चालायचं. पायवाट अरुंद झाली की सोबत्याने हात पाठीमागे न्यायचा, म्हणजे एकामागे एक चालता येतं. “इकडे बघ”, “तिकडे” याचा उपयोग नाही, “उजवीकडे, कमरेएवढा दगड” असं सांगा.

ऐकू येत नसेल तर बिबट्याचा वगैरे धोका जास्त नाही का?

बिबट्या चालतो तेव्हा ऐकू येणाऱ्यालाही त्याचा आवाज येत नाही. खरा धोका मागून येणाऱ्या मोटरसायकलचा असतो. रांगेत वाटाड्याच्या लगेच मागे, दुसऱ्या नंबरवर चाला. निघण्याआधी हाताच्या चार-पाच खुणा ठरवा: थांब, खाली बस, मागे फिर, वर बघ, चूप. यातली शेवटची खूण, गंमत म्हणजे, आमच्या ऐकू येणाऱ्या मित्रांनाच जास्त लागते. वाटाड्याने चालता चालता पुढे तोंड करून माहिती सांगायची नाही. थांबायचं, वळायचं, मग बोलायचं. अंधारात ओठ दिसावेत म्हणून टॉर्च स्वतःच्या तोंडावर धरायचा. श्रवणयंत्र असेल तर घामाने आणि पावसाने ते खराब होतं, झाकणाची डबी न्या.

मुलगा स्वमग्न आहे. नवीन जागी घाबरतो.

जायच्या आधी दोन-तीन दिवस त्याला त्या जागेचे फोटो आणि रस्त्याचा व्हिडिओ दाखवा. सकाळी लवकर, रविवार सोडून जा. डीजे लावून आलेली टोळी कुठल्याही मुलाला नको असते, त्याला तर मुळीच नको. कानावर लावायचे आवाजरोधक घ्या, नेहमीचा खाऊ घ्या, आणि “एवढं लांब आलोय तर” हे वाक्य घरीच ठेवा. तो अर्ध्या तासात परत चला म्हणाला तर परत चला. पळून जायची सवय असेल तर खिशात तुमच्या नंबराची चिठ्ठी आणि अंगात भडक रंगाचा शर्ट हवा.

पायाला संवेदना नाही. उनपदेवच्या गरम पाण्यात पाय बुडवले तर चालतील?

आधी पाय नाही, कोपर बुडवा. चोपडा तालुक्यातल्या उनपदेवला किंवा कुठल्याही गरम झऱ्याला हाच नियम. पायाला कळत नाही म्हणजे पाय भाजत नाही असं नाही. मधुमेह, जुना कुष्ठरोग, मणक्याची इजा, तिन्हींना लागू. जंगलात उघडं पाऊल टाकू नका, आणि संध्याकाळी तळपाय, टाचा, घोटे कुणाकडून तरी बघून घ्या. काटा मोडलेला असतो आणि पायाला पत्ता नसतो.

सिकलसेल असलेल्यांनी तोरणमाळला जावं का?

जावं, पण तयारीने. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक आहे, आणि नंदुरबारच्या घराघरांत तो माहीत आहे. पाणी कमी पडणं, अचानक थंडी आणि दमछाक यांनी दुखणं उसळतं. डिसेंबरच्या पहाटे गार पाण्याने आंघोळ नको, तलावात उडी तर नकोच. गोळ्या, गरम कपडे आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा. थांबावंसं वाटलं की थांबा. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्याला “तुला काय झालंय?” हे ऐकावं लागतं, ते सोबतच्यांनी टाळलं तरी पुष्कळ.

माकडांचा त्रास होतो का?

व्हीलचेअरच्या पाठीला अडकवलेली पिशवी त्यांना फार आवडते. त्यात रावेरची केळी असतील तर बघायलाच नको. पिशवी मांडीवर घ्या आणि काही खायला घालू नका.

सोबत कुत्रा नेता येईल?

अभयारण्यात नाही. पाळीव कुत्र्याचे रोग रानातल्या प्राण्यांना लागतात, आणि बिबट्याला कुत्रा आवडतो.

दिव्यांगांसाठी वाट करायची म्हणजे जंगलात सिमेंट ओतायचं का?

मुळीच नाही. आम्हाला जंगल हवंय, बाग नको. फाटकाजवळ एकच वाट, पाच फूट रुंद, मुरूम टाकून रोलर फिरवलेली, पाणी वाहून जायला बाजूने चर. एक फूट चढायला बारा फूट लांबी मिळेल एवढाच उतार. दर शंभर-दीडशे पावलांवर पाठ टेकायला बाक. पायऱ्यांना एका बाजूने दांडा. अशी वाट अर्धा किलोमीटर असली तरी चालेल. म्हातारी माणसं, गरोदर बायका, पाठुंगळी लेकरू घेतलेली आई, सगळे त्याच वाटेने जातात. उरलेलं जंगल जसं आहे तसं राहू द्या. प्रत्येक कड्यावर आम्हाला पोचायचं नाही.

उलट हल्ली दिसतं ते असं: सेल्फी पॉइंट होतो, रंगीत फरशी होते, सिमेंटचा वाघ बसतो आणि त्याच्यापुढे तीन पायऱ्या असतात.

कायदा काय म्हणतो? तक्रार कुठं करायची?

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात करमणूक आणि सांस्कृतिक जीवनाचाही हक्क आहे, नुसता नोकरी-शिक्षणाचा नाही. असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच सरली. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे किमान निकष नुसते सुचवलेले नकोत, बंधनकारक करा असं केंद्राला सांगितलं. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे.

तक्रार पहिल्यांदा तिथल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. मग उपवनसंरक्षक, मग पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. तक्रारीत “गैरसोय झाली” असं लिहू नका. “फाटकापासून संडासापर्यंत सात पायऱ्या, दार बावीस इंच” असं लिहा, सोबत फोटो लावा. अशा कागदाला बगल देणं जड जातं.

प्रवेशाला कोणती कागदपत्रं लागतात?

युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आणि आधार. कार्ड नसेल तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. मूळ प्रत गाडीत ठेवा, हातात फोटो किंवा झेरॉक्स पुरते.

अडचण आली तर कुणाला फोन करायचा?

रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२, वनविभागाला १९२६. पण घाटात आणि सातपुड्याच्या आतल्या भागात रेंज जाते, तेव्हा नंबर पाठ असूनही उपयोग नाही. रेंज कुठं सुटते ते जाताना लक्षात ठेवा, आणि घरी कुणाला तरी परतीची वेळ सांगून निघा. गावातला वाटाड्या सोबत घ्या, पैसे आधी ठरवा. पाव्हण्याला किती वेळ लागेल हेही त्याला आधीच सांगा, नाहीतर तो त्याच्या वेगाने निघून जातो आणि टेकडीवर उभा राहून हाक मारतो.

जेवणाचं काय?

डबा न्या. थंडीत खानदेशी माणूस जंगलाकडे निघाला की भरीत पार्टीचा विषय निघतोच, पण अभयारण्यात चूल पेटवायची नाही. १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत वणव्याचा हंगाम असतो आणि धुराने आग्या मोहोळ उठतं. मधमाश्या उठल्या की पळता येणारे पळतात, व्हीलचेअरवरचा तिथंच राहतो. म्हणून वांगी पायथ्याच्या एखाद्या शेतात, मालकाला विचारून भाजा. तुरीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, ठेचलेली मिरची, लसूण, कांद्याची पात, आणि कळण्याची भाकरी. शेतात गाडी थेट बांधावर जाते, हेही एक बरं.